क्लचची वेगळी बाटली

सुधाकाकाने ती लाल गाडी आणली तेव्हा आमच्या सोसायटीत चारचाकी म्हणजे दोन-तीन जुन्या फियाट आणि पलीकडच्या विंगमधल्या केटररची व्हॅन, एवढंच होतं. बाकी सगळ्या स्कूटर. त्या स्कूटरींच्या रांगेच्या टोकाला ही गाडी येऊन बसली. बसली असंच म्हणायला हवं, कारण तिचं छप्पर माझ्या कमरेच्या जरा वर येई आणि तिच्यात शिरायचं म्हणजे पंगतीत पाटावर बसतात तसं गुडघे दुमडून खाली जावं लागे. जपानी होती, दोन दारांची आणि दोनच माणसांची. पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असत आणि बटण दाबलं की वर येत. उजवा लगेच यायचा, डावा थोडा विचार करून. कुठल्याशा हिंदी सिनेमाच्या निर्मात्याचं दिवाळं निघालं आणि त्याच्याकडून आपण ती उचलली, असं काका सांगे. तिच्यात एक मोठी नटी बसून गेली आहे, असंही सांगे. नटीचं नाव दर खेपेला बदलायचं, सीट तीच असायची.

बाबा आणि सुधाकाका सख्खे भाऊ. दादरच्या एका खोलीतून दोघे एकाच वेळी नेरूळला आले, एकाच इमारतीत फ्लॅट घेतले, आमचा दुसऱ्या मजल्यावर आणि काकाचा तळाला, आणि दोन जिन्यांचं अंतर मध्ये असूनही हे एकच घर आहे असं भेटेल त्याला सांगत राहिले. वर्तमानपत्र एकच यायचं. ते आधी खाली वाचलं जाई, मग वर. इस्त्री एक, शिडी एक, दूधवाला एक. मतही दोन्ही घरांत मिळून एकच होतं. ते बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल कंपनीतून संध्याकाळी घेऊन येत आणि जेवताना सगळ्यांना वाढत. आईला आणि काकूला मत नव्हतं, त्यांना काम होतं. मला इंग्रजी शाळेत घातल्यामुळे माझी जी काही मतं होती ती इंग्रजीत होती, आणि घरात माझ्याशी कोणी इंग्रजीत बोलत नसल्यामुळे त्यांचा कोणाला त्रास नव्हता. मी अबोल मुलगी म्हणून प्रसिद्ध होते. दुपारी तुर्भ्याच्या डोंगरात सुरुंग लागले की मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणत. आई न बघता एक हात वर करून ती धरी, आवाज थांबला की पुन्हा कणकेकडे वळे. त्या घरात माझा बराचसा वेळ असल्या गोष्टी बघण्यात गेला. बघण्याचे पैसे पडत नाहीत आणि त्याला परवानगीही लागत नाही.

त्या वर्षी मी बी.एस्सी. झाले आणि मला बघायला येणाऱ्यांची ये-जा सुरू झाली. स्थळं आणायचं काम आत्याकडे होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती दादरहून दर शनिवारी यायची, पर्समधून फोटो काढायची आणि पत्ते पिसल्यासारखी ते टेबलावर मांडायची. यावेळी तिने एकच फोटो काढला. मुलगा अमेरिकेत, डेट्रॉइटला, गाड्यांच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. नाव पराग. थोड्या दिवसांच्या रजेवर आलेला, त्यामुळे बघणं, ठरणं आणि साखरपुडा सगळं एका दमात उरकायचं होतं. पत्रिका आधीच जुळवून झाली होती; मला फोटो दाखवला तो त्यानंतर.

"तिला आवडेल की नाही ते..." आई म्हणाली. वाक्य तिथेच राहिलं, कारण कुकरची शिट्टी झाली आणि आत्याने ती संधी सोडली नाही.

"न आवडायला काय आहे त्यात? हात-पाय धड आहेत, ग्रीनकार्ड आहे."

मला तो आवडला नव्हता असं नाही. मला काहीच वाटलं नव्हतं. फोटोत तो एका गाडीला टेकून उभा होता आणि चेहऱ्यावरून ती गाडी त्यानेच जन्माला घातली असावी असं वाटत होतं. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी विचारावं. आणि कोणी विचारलंच तर "नको" म्हणायचं धाडस आपल्यात आहे का, याची मला मुळीच खात्री नव्हती. एका रविवारी पोहे घेऊन बाहेर जायचं आणि परत आत येईपर्यंत आपण डेट्रॉइटला गेलेलो असणार, असा तो सगळा मामला होता.

मुलगा गाड्यांतला म्हटल्यावर बाबांना आणि काकाला आपल्या हातातला हुकमाचा पत्ता दिसला. पराग आला की त्याला गाडी दाखवायची, तिच्यातून चक्कर मारू द्यायची. मुलगी गप्प असली तरी चालेल, गाडी बोलेल. दोघांनी हे माझ्यासमोर ठरवलं, आणि "मुलगी गप्प असली तरी" म्हणताना माझ्याकडे प्रेमाने बघितलं.

अडचण एवढीच होती की गाडी आजारी होती. क्लचचं पेडल कधी अर्ध्यावरच राहायचं, कधी खाली जाऊन तिथेच मुक्काम करायचं. काकाने दामूशेठला बोलावलं. दामूशेठ तळवलीचा. शिरवण्याच्या बाजूला त्याचं गॅरेज होतं, पण तिथे तो क्वचित सापडे, कारण पालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं आणि गाडी दुरुस्त करता करता तो आख्ख्या इमारतीची मतं मोजून घेई. त्याने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि ते काळं बोट आम्हा सगळ्यांना फिरवून दाखवलं.

"बगा साहेब. हे गारीत ब्रेक नि क्लच दोगं पन एकाच बाटलीचं ऑइल पितान. क्लचचं रबर झिजलंय, त्याची घान जातेय ब्रेकात. उद्या क्लच गळाला का ब्रेकपन गेला. मंग थांबशील कसा?"

"मग उपाय काय?" बाबांनी विचारलं.

"क्लचला वेगली बाटली. ब्रेकची ब्रेकला, क्लचची क्लचला."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "एकाची घाण दुसऱ्याने का प्यायची? वेगळं करा."

मी जिन्यात उभी होते. वेगळं हा शब्द बाबांच्या तोंडून न रागावता निघालेला मी पहिल्यांदा ऐकला. काकूने त्याआधी एकदा, आमची वेळ वेगळी पडते म्हणून दूध वेगळं लावू का, एवढंच विचारलं होतं, तेव्हा बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते आणि काकाला घर फुटल्यासारखं वाटलं होतं. गाडीच्या बाबतीत मात्र दोघांना ते झटकन पटलं. काकू तेव्हा खिडकीत तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही, पण तिची बोटं थांबली आणि जरा वेळाने पुन्हा चालू झाली.

दामूशेठने एका जुन्या टेम्पोची बाटली आणली. चांगली उंच, पांढरी, बाहेरून ऑइल दिसावं अशी. जुन्या बाटलीतून क्लचकडे जाणारी रबराची नळी त्याने काढली, तिथलं तोंड बोल्ट घालून आणि क्लिप आवळून बंद केलं, आणि नवी नळी टेम्पोच्या बाटलीला लावली. बाटली बसवायला पट्टी हवी होती. ती आमच्या मांडणीच्या एका जास्तीच्या लोखंडी कोनातून कापली. ती जास्तीची नव्हती हे आईने सांगितलं, पण तोवर कापून झाली होती. इंजिनामागच्या पत्र्याला पट्टी, पट्टीवर बाटली. ऑइल भरलं. सगळे दोन पावलं मागे सरकून बघू लागले, घरात नवा फ्रीज आल्यावर बघतात तसे.

मग हवा काढायची होती. नळीत हवा राहिली तर पेडल पोकळ होतं, म्हणून एकाने गाडीखाली झोपून खालच्या सिलिंडरचा निपल, म्हणजे हवा सोडायची छोटी तोटी, ढिली-घट्ट करायची आणि दुसऱ्याने वर बसून क्लच दाबायचा. काकाचं पोट स्टिअरिंगखाली मावेना. बाबांचा गुडघा दुखत होता. कोणाच्या तरी लक्षात आलं की आपल्याकडे एक सडपातळ, रिकामी आणि उलट न बोलणारी व्यक्ती आहे. अशी मी आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसले, नटीच्या शेजारच्या.

"दाब," गाडीखालून दामूशेठ म्हणे. मी दाबायची. "धर." मी धरायची. खाली फुस्स होऊन ऑइल आणि बुडबुडे बाहेर पडत. "सोर." मी सोडायची. आठवडाभर रोज संध्याकाळी हा कार्यक्रम चालला. खाडीकडून चिखलाचा वास यायचा, वरून फोडणीचा, आणि मी त्या लाल डब्यात पाय पुढे करून बसलेली. येणारे-जाणारे विचारत, काय गं, गाडी शिकतेस का? काका परस्पर सांगे, "छे, ती फक्त क्लच दाबते." पेडल घट्ट झालंसं वाटलं की दामूशेठ इंजिन चालू करायला लावी, पहिला गिअर घालायला लावी आणि गाडी हातभर पुढे घेऊन दाखवायला सांगे, गिअर पडतो की नाही ते बघायला. तेवढीच हातभर. पुढे भिंत होती.

शुक्रवारी पेडल उत्तम झालं आणि बॉनेट लागेना. टेम्पोची बाटली टेम्पोच्या उंचीची होती. ही गाडी पाटावर बसल्यासारखी, तिचं बॉनेट बाटलीच्या झाकणावर चार बोटं वर अडकून राहिलं. काकाने त्याच्यावर बसून बघितलं. मग सल्लामसलत झाली. तळमजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर आले, केटरर आला, बाबांच्या कंपनीतले एक इंजिनिअर खास घणसोलीहून आले. बॉनेटभोवती पुरुष जमले की प्रत्येकाचे हात आपोआप कमरेवर जातात, तसे ते गेले. पर्याय दोनच होते: बाटली वर राहू द्यायची आणि बॉनेट उघडं, किंवा बॉनेट लावायचं आणि बाटली खाली सरकवायची. रविवारी पाहुणे येणार. उघडं बॉनेट कसं दिसेल? बाटली खाली गेली. जिथून क्लचला ऑइल ओढायचं होतं त्या नळीच्याही खाली गेली.

मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं. पण बाटली वर असली तर तिच्यातलं खाली येतं, एवढ्यासाठी फिजिक्स लागतही नाही. सलाइनची बाटली टांगलेली बघितली असली तरी पुरे. आणि माझ्या पायाला कळत होतं. बाटली खाली गेल्यापासून पेडल पहिल्या दाबाला पोकळ जाई. पटापट पाच-सहा वेळा दाबलं की घट्ट होई, थोडा वेळ तसं राही आणि पुन्हा पोकळ.

"बाबा, बाटली फार खाली नाही का झाली?" मी म्हटलं. हे वाक्य मी जिन्यात दोनदा जुळवून घेतलं होतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. घणसोलीच्या इंजिनिअरांनीही बघितलं. ते म्हणाले, "सीलबंद सिस्टिम आहे बेटा, प्रेशर येतं तिला."

"तू फक्त दाब गं," काका म्हणाला.

शनिवारी दामूशेठ प्रचाराला गेला होता. नाहीतर सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं हे त्याने सांगितलं असतं. काकाने गाडी चमकवायला म्हणून जवळ पडलेलं फडकं घेतलं, ज्याने आठवडाभर ऑइल पुसलं होतं तेच, आणि बॉनेट घासून काढलं. संध्याकाळपर्यंत मधोमध रंग पापडासारखा फुगून आला. त्यावर आत्याने इलाज केला. कुंकू कालवून तिने तिथे भलंमोठं स्वस्तिक काढलं, वर झेंडूची माळ सोडली आणि गाडीची पूजाच करून टाकली.

रविवारी पराग आई-वडिलांबरोबर आला. अमेरिकेतल्या माणसाच्या पोटाला झेपेल का, या चिंतेने पोहे बाद होऊन चटणीची सँडविचेस आली होती. ती त्याने एका बाजूला सारून आईच्या ओल्या नारळाच्या करंज्या खाल्ल्या, बऱ्याच. मला आत्याची मोरपंखी पैठणी नेसवली होती. तिचा काठ इतका जड होता की चालताना मागून कोणी ओढतंय असं वाटे. मी ट्रे ठेवला, बसले. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि बाबांना विचारलं, "खाली रेड कार तुमची का?"

त्यानंतर अख्खा कार्यक्रम खाली पार्किंगमध्ये झाला. बॉनेट उघडलं गेलं. हात कमरेवर गेले. परागने स्वस्तिकाबद्दल विचारलं, ते शुभ असतं असं त्याला सांगण्यात आलं. मग त्याने वाकून वेगळी बाटली बघितली, नळीवरून बोट फिरवलं.

"नाइस. व्हेरी क्लीन जॉब. आमच्याकडे रेसिंगवाले असंच करतात, सेपरेट रिझर्व्हॉयर."

काकाची छाती एवढी फुगली की आता तिच्यावर स्वस्तिक काढावं लागेल असं मला वाटलं. बाबांनी घणसोलीच्या इंजिनिअरांचं नाव सांगितलं. दामूशेठचं कोणी घेतलं नाही. पराग माझ्याकडे वळला. "सो, तू चालवतेस?"

"ती कुठली," काका म्हणाला, "ती फक्त क्लच दाबते." सगळे मनापासून हसले. परागसुद्धा. त्याचे दात फार चांगले होते.

मुलामुलीने एकटं बोलायला हवं ही नवी पद्धत आत्याला मान्य होती, फक्त एकटं बोलताना सोबत कोणीतरी असावं अशी तिची अट असायची. गाडी दोघांची निघाल्याने पंचाईत झाली. आत्याने मागे बघितलं. मागे सीट नव्हती, एक फळी होती. ती तिच्यावर बसायलाही तयार होती. शेवटी बाबांनी घड्याळ बघून परवानगी दिली आणि आम्ही निघालो, दोन्ही घरं आणि निम्मी सोसायटी फाटकात उभी असताना.

खाडीकडचा मोठा रस्ता तेव्हा अर्धा झाला होता. आता तिथे काचेचे टॉवर आहेत आणि माझ्या हातात क्लच नसलेली गाडी असते, त्यामुळे हे सगळं माझ्या भाचीला सांगताना आधी क्लच म्हणजे काय तिथून सुरुवात करावी लागते. तेव्हा करावे गावाकडे नुसती खडी पसरलेली होती, एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला पाणथळ. पराग वाटेत बोलत होता. त्याच्या कंपनीबद्दल, त्याच्या बॉसबद्दल, तिथल्या बर्फाबद्दल. डावा पाय त्याने सारखा क्लचवर ठेवला होता, पायरीवर ठेवतात तसा. मला त्या पायाकडे बघवत नव्हतं. मी मनात मोजत होते, की अजून किती वेळ धरेल.

करावेच्या वळणावर पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. त्याने ब्रेक दाबला, ब्रेक छान लागला, इंजिन आचका देऊन बंद पडलं. पुन्हा चालू करून त्याने गिअर घालायला बघितला तर आतून खरवडल्याचा आवाज आला. त्याने तो आवाज बऱ्याचदा काढला.

"पटापट पाच-सहा वेळा दाबा," मी म्हटलं. "मग धरा. थोडा वेळ येतं."

"हायड्रॉलिक्स असं काम करत नाही," तो म्हणाला. आणि मग इंग्रजीत, लेट मी हँडल इट.

त्याने ते हँडल केलं. आधी दिवे वर आणले. डावा विचार करत राहिला. मग बॉनेट उघडून बाटलीकडे बघितलं, आता तिला क्लीन जॉब म्हणाला नाही. मग आत येऊन बसला, दार लावलं, काच खाली केली आणि मला म्हणाला, "यू पुश. गावापर्यंत नेऊ, तिथे फोन असेल. कोणीतरी स्टिअर करायला हवं ना."

मी उतरले. आजही मला त्याचं नवल वाटतं की मी उतरले. पैठणीचा पदर खोचला, वाकले आणि ढकलू लागले. गाडी बुटकी, त्यामुळे ढकलायला पार काटकोनात वाकावं लागे; तोंडासमोर लाल पत्रा आणि खाली खडी. सँडलचा पट्टा तुटला. गाडी हलत होती, पण आमच्या लग्नाची बोलणी जेवढ्या वेगाने चालली होती त्या मानाने फारच हळू.

खाडीतून करावेच्या बाया येत होत्या. चार-पाच जणी, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत चिंबोऱ्यांच्या नांग्या खडखडत होत्या. त्या थांबल्या. टोपल्या उतरवून खाली ठेवल्या, म्हणजे तमाशा सावकाश बघायचा होता.

"काय गो बाय, शालू नेसून गारी ढकलतेस?" त्यातली वयाने मोठी होती ती म्हणाली. "आत कोन हाय? नवरा तुजा?"

"नाही."

"मंग?"

"बघायला आलेत."

"कोनाला? तुला का गारीला?"

बाकीच्या हसल्या. तो प्रश्न मीच स्वतःला विचारायला हवा होता आणि त्या बाईने तो इतक्या सहज विचारला. ती पुढे गेली आणि काचेवर बोटाने टकटक केलं. परागने काच एव्हाना पुन्हा वर घेतली होती, चिंबोऱ्यांच्या वासामुळे असेल.

"ए भाऊ. उतर. तुजा वजन कोन ढकलंल?"

"मला स्टिअर करायचंय," काचेआडून तो म्हणाला.

तिने दारच उघडलं. तो उतरला. काय करावं ते न कळून त्याने रुमालाने हात पुसले. बाई माझ्याकडे वळली. "आता तू बस आत. त्यो ढकलील."

"मला येत नाही चालवायला."

"त्याला तरी कुठं येतंय?"

मी बसले. पदराचा सगळा बोळा मांडीवर घेतला. डावा पाय क्लचवर ठेवला आणि पटापट दाबत सुटले. पाचव्या-सहाव्या खेपेला तळव्याखाली तो ओळखीचा घट्टपणा आला. तो धरून ठेवला, किल्ली फिरवली, पहिला गिअर घातला. पडला. पाय सोडला तशी गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा धरलं, या वेळी पाय सावकाश सोडला, आणि आठवडाभर जिथे भिंत असायची तिथे आता रस्ता होता. गाडी चालू लागली. दुसरा गिअर कसा घालतात ते मला कोणी दाखवलंच नव्हतं, आणि थांबले तर क्लच पुन्हा येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून पुढे जिथे रस्ता रुंद होता तिथे तशीच वळवली आणि नेरूळच्या दिशेला लागले. वळून येताना त्यांच्या समोरून गेले. बाया टोपल्या उचलत होत्या. पराग हात वर करून काहीतरी म्हणाला. पहिल्या गिअरमध्ये गाडी सायकलच्या वेगाने जाते. तो पळाला असता तर त्याने गाठलं असतं. पण त्याचे बूट नवे होते.

इंजिनाचा टाहो फोडत मी फाटकात शिरले आणि ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम लागला. वेगळ्या बाटलीचा तेवढा उपयोग झाला. बाबा धावत आले. "गाडीला काही झालं का?" त्यांनी विचारलं. मग आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "पराग कुठे आहे?" काका तोपर्यंत गाडीखाली झोपला होता.

पराग रिक्षाने आला. अचानक पेडल फेल झालं, ती घाबरली आणि गाडी घेऊन निघाली, असं त्याने हसत सांगितलं. कोणी मला विचारलं नाही. त्याच्या आईने माझा हात हातात घेऊन, बिचारी किती घामाघूम झाली, असं म्हटलं आणि माणसं गेली. दिवेलागणीला त्यांचा फोन आला. मुलगी पसंत होती. साधी आहे, शांत आहे, ॲडजस्ट करेल, असं परागचं म्हणणं पडलं होतं. आत्याने फोन ठेवून देवापुढे साखर ठेवली.

"मला पसंत नाही," मी म्हटलं.

ते ऐकूच गेलं नाही. बाबा साखरपुड्याच्या हॉलचं बोलत होते. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, आणि आवाज कोणाचा ते बघायला सगळे वळले. मग गाडीची झाली होती तशीच माझी तपासणी सुरू झाली. बाबा समोर बसले, काकाने हात कमरेवर ठेवले.

"अगं, बिघाड गाडीत होता, मुलात नाही," बाबा म्हणाले.

"बाटली वर घेतो," काका म्हणाला. "बॉनेटला भोक पाडतो. मग तर झालं?"

"त्याने मला ढकलायला लावलं."

"मग काय झालं?" आत्या म्हणाली. "कोणीतरी ढकलायलाच हवी होती ना गाडी? संसारात तर..."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हाताला पीठ होतं. "तो आत बसला होता?" तिने मला विचारलं.

"हो."

"आणि तू साडीत ढकलत होतीस?"

"हो. वाकून."

तिने माझ्या पायांकडे बघितलं. एका पायात सँडल नव्हती हे घरात तोवर कोणी पाहिलं नव्हतं. मग ती बाबांना म्हणाली, "नाही म्हणून कळवून टाका."

आत्याने आधी बाबांकडे बघितलं, बाबांनी काकाकडे. त्या घरातलं मत त्या क्षणी नक्की कोणाकडे आहे, याचा त्यांना अंदाज येत नव्हता.

"पण कारण काय सांगायचं त्यांना?" आत्याने शेवटी विचारलं.

"पत्रिका जुळत नाही म्हणावं," आई म्हणाली.

"अगं, जुळली होती," बाबा म्हणाले. "मीच तसं लिहून कळवलं होतं."

"मग आता जुळत नाही म्हणून कळवा," आई म्हणाली, आणि पोळ्या लाटायला आत गेली.